गंजलेले पंखे आणि भिंतमामा

भिंतमामांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा पृथ्वी आपल्या आसावर किंचित डगमगली असावी. शास्त्रज्ञांनी त्याची नोंद घेतली नाही, त्याला माझा इलाज नाही. माझ्याकडून घडलं होतं ते इतकंच की मी एका पलंगावर बसलो. पलंग रिकामा होता, मी दमलो होतो आणि आजूबाजूला खुर्ची नव्हती. पण बूड टेकलं मात्र, अशी काही गर्जना झाली की पत्र्याच्या छपरावरची कबुतरं उडाली ती माझ्या माहितीप्रमाणे अजून खाली उतरलेली नाहीत. रंगभूषाकाराच्या हातातली पेन्सिल सटकली आणि नायिकेच्या आईची उजवी भुवई थेट कानाला जाऊन भिडली. बाईंनी त्या दिवशीची सगळी दृश्यं डाव्या बाजूने दिली. दोन दिवे गेले. माझाही जीव जवळजवळ गेलाच होता.

"उठा! ती चुरगळ माझी आहे!"

भिंतीच्या मागून एक गृहस्थ बाहेर आले. उंची बेताची, पोट सढळ, दातांत खळीचा ब्रश आणि दोन्ही मनगटांत चिकटपट्टीची रिळं, बांगड्या भरल्यासारखी. मी उभा राहिलो.

"कसली चुरगळ?"

"चादरीवरची! सोळा वर्षांची मुलगी इथे झोपते. काल तिला झोप लागलेली नाही, कारण तिचं ज्याच्यावर मन बसलंय तो मुलगा मेलेला आहे. त्या तळमळीची चुरगळ होती ती. सकाळपासून खपून घातली होती मी. त्याच्यावर तुम्ही पन्नाशीच्या माणसाची बैठक मारलीत. कॅमेऱ्याला कळतं हो!"

मी 'तुकडी क' या मालिकेचा नवा संवादलेखक, असं चाचरत सांगितलं. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "म्हणजे पुढचं तुमच्याकडे," ते म्हणाले. "मागचं माझ्याकडे." आणि पुन्हा भिंतीआड गेले.

'तुकडी क' ही शाळकरी मुलांसाठीची भुताची मालिका. नायिका अकरावीत. तिच्या मागच्या बाकावर एक मुलगा बसतो. तो तीस वर्षांपूर्वी वारलेला आहे, तरीही वर्गात सर्वांत वक्तशीर तोच. दोघांचं जमतं. मोठी माणसं ही मालिका चालू असताना उठून दुसऱ्या खोलीत जात. मुलं मात्र जीव टाकत. मालिकेत नटांच्या पाठीमागे जे जे दिसे ते मामांच्या ताब्यात होतं: नायिकेच्या खोलीतली पोस्टरं, आरशाच्या चौकटीत खोचलेली तिकिटं, टेबलावरचा मग, कपाटाला चिकटवलेली कात्रणं. भिंत ही त्यांची जहागीर. पूर्वी सगळे त्यांना 'भिंतवाले' म्हणत. पुढे त्यांची भाची आमच्याकडे कामाला लागली, दिवसातून शंभरदा "मामा, मामा" करू लागली आणि हां हां म्हणता ते सगळ्या युनिटचे भिंतमामा झाले. आमच्या निर्मात्या बाई त्यांच्याहून वयाने मोठ्या, पण त्याही त्यांना मामाच म्हणत.

तर, अकरावीतल्या मुलीच्या भिंतीवर गाणाऱ्यांची पोस्टरं हवीत, हे कोणालाही कळतं. पण खऱ्या गायकाचं पोस्टर लावायचं तर कंपनीची परवानगी लागते, आणि परवानगी येईपर्यंत ती मुलगी आजी झाली असती. बाई म्हणाल्या, "मामा, काहीतरी आपलं बनवा." दुसरा एखादा डोंगर आणि सूर्योदय लावून मोकळा झाला असता. मामांनी बॅण्ड काढला.

बॅण्डचं नाव 'गंजलेले पंखे'. नाव सुचलं तेव्हा मामा उताणे पडून छताकडे बघत होते, एवढाच त्या नावाचा इतिहास. गायक म्हणून आमच्या गाडीचा ड्रायव्हर घेतला, कारण त्याचे केस चांगले होते. गिटारवर कपडेपटातला शिंपी. कीबोर्डवर हिशेबनीस, काळा चष्मा लावून. ड्रमवर दिवेवाला. चौघांपैकी एकालाही शिट्टीसुद्धा धड वाजवता येत नव्हती. गच्चीवर फोटो काढला तेव्हा मामांनी चौघांना चार दिशांना बघायला लावलं. "बॅण्डमधली माणसं एकीकडे बघत नसतात," ते म्हणाले. "एकीकडे बघतात ते नातेवाईक."

बघता बघता पंख्यांचे दोन अल्बम निघाले. म्हणजे वेष्टनं निघाली. पहिल्याचं नाव 'रेग्युलेटर पाचावर', दुसऱ्याचं 'वायर कोणी कापली'. त्यांचे दौरे झाले, तिकिटं आरशात खोचली गेली, गायकाने केस कापले तेव्हा नायिकेच्या कपाटावर त्याची बातमी लागली. मीही मग संवादात त्यांना घ्यायला लागलो. नायिका विचारते, "पंख्यांचं नवीन गाणं ऐकलंस?" आणि तो बिचारा मेलेला मुलगा म्हणतो, "आमच्या वेळी पंखे वारा द्यायचे." या एका वाक्यावर मला जेवढी पत्रं आली तेवढी माझ्या तीन नाटकांना मिळून आली नव्हती. मुलं विचारत, गाणी कुठे मिळतात? मिळत नाहीत म्हटल्यावर त्यांनी स्वतःच चाली लावल्या. शिंप्याला बाजारात लोक सही मागू लागले. तो मापाच्या टेपवर सही करून द्यायचा.

मग बॅण्ड फुटला. दिवेवाल्याचं आणि ड्रायव्हरचं गाडीतल्या खिडकीच्या जागेवरून भांडण झालं आणि दिवेवाला दुसऱ्या मालिकेत निघून गेला. आम्हाला वाटलं, एक दिवेवाला गेला. मामांना तसं वाटलं नाही. ते दोन दिवस गप्प होते आणि तिसऱ्या दिवशी आनंदाने फुलून आले. "फूट!" ते मला म्हणाले. "प्रत्येक चांगल्या बॅण्डमध्ये फूट पडते. मी उगाच मोकळं सोडलं होतं." ठरलं असं: नवव्या भागात नायिकेच्या कपाटावर बातमी लागणार, 'पंख्यांचा ड्रमवाला बाहेर'. दहाव्यात नवं पोस्टर, नवा ड्रमवाला. नवा ड्रमवाला म्हणून त्यांनी फाटकावरच्या रखवालदाराला उभं केलं. फोटोत तो कोणालाही आत सोडणार नाही असाच दिसत होता. मामांना ते पोस्टर इतकं आवडलं की ते जाता-येता त्याच्याकडे पाहून मान डोलावत.

आता भाचीबद्दल सांगितलं पाहिजे. ती मामांच्या थोरल्या बहिणीची मुलगी. आमच्याकडे कंटिन्युइटी बघायची. मालिकेची दृश्यं ओळीने चित्रित होत नाहीत. एका खोलीतली चार-पाच भागांची दृश्यं सलग उरकतात. आठव्या भागात पेला अर्धा भरलेला असेल तर नवव्यात तो आपोआप भरलेला दिसता कामा नये, हे बघणं तिचं काम. ती प्रत्येक दृश्याचे फोनवर फोटो काढून ठेवी. पोरगी काटेकोर, आणि बोलायला मामांची भाची शोभेल अशी. पण तिची नोकरी एका धाग्यावर लटकलेली होती. ताईंनी, म्हणजे तिच्या आईने, तिला पाठवलं होतं ते एका अटीवर: पहिली नोकरी टिकवून दाखवायची, नाहीतर गुपचूप घरी येऊन वडिलांच्या दुकानात बसायचं. भाचीला दुकान नको होतं. तिला हेच काम हवं होतं, आणि हे ती इतक्यांदा म्हणे की आम्हा सगळ्यांना तिच्या वडिलांच्या दुकानाची धास्ती वाटू लागली होती.

एके दिवशी नायिकेच्या खोलीतली दृश्यं सलग होती. दहाव्या भागाचं आधी झालं, आठव्याचं उरलं. भाची म्हणाली, "मामा, आठव्याला जुनी भिंत. हा बघा फोटो."

"फोटो?" मामांना तो शब्द शिवी दिल्यासारखा लागला. "अगं, भिंत मी उभी केली, आणि तू मला तिचा फोटो दाखवतेस? सगळी डोक्यात आहे. जा, चहा पी."

"मामा, एकदा बघून घ्या ना. जातंय काय तुमचं?"

"पत जाते."

ती गेली. मामांनी भिंत आठव्या भागापर्यंत मागे नेली. कात्रण काढलं, तिकिटं बदलली, मग बदलला, कॅलेंडरचं पान उलटं फिरवलं. मग दोन पावलं मागे सरकून आपल्या कामावरून समाधानाने नजर फिरवली, आणि मधोमध रखवालदाराचं नवं पोस्टर होतं त्याच्याकडे पाहून नेहमीसारखी मान डोलावली. भाची परत आली तेव्हा दिवे लागले होते. तिने मान लांब केली तर मामा म्हणाले, "बघू नकोस. मी लावलंय." मामाच तो, तिने विश्वास ठेवला.

आठवा भाग लागला. काही झालं नाही. नववा लागला, कपाटावर बातमी दिसली आणि मुलांनी आकाश डोक्यावर घेतलं. जुना ड्रमवाला नवव्या भागात बाहेर पडतो, मग आठव्या भागातच नवा ड्रमवाला भिंतीवर कसा? चित्र थांबवून, रखवालदाराच्या मिशीभोवती लाल वर्तुळं काढून मुलांनी ती सगळीकडे फिरवली. मेलेला मुलगा सावलीशिवाय फिरतो याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. पण ड्रमवाला आधी कसा आला, हे त्यांना कळलंच पाहिजे होतं. वाहिनीच्या साहेबांचा बाईंना फोन आला. बाईंनी आम्हा सगळ्यांना नायिकेच्या खोलीत बोलावलं.

बाई कमी बोलत आणि बोलत ते चष्म्याच्या वरून. "कंटिन्युइटी कोण बघतं?"

"मी," भाची म्हणाली.

"आठव्याच्या वेळी भिंत तपासलीस?"

भाचीने मामांकडे पाहिलं नाही. "नाही."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

भाचीचा चेहरा उतरला. दुकान तिच्या डोळ्यांसमोर उभं राहिलेलं आम्हाला दिसत होतं, गल्ल्यासकट. मामा गप्प राहिले, आणि हे इतकं नवलाचं होतं की शिंप्याने काळजीने त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील: बाई, चूक माझी. साधी दोन शब्दांची गोष्ट. मामांनी छाती भरून श्वास घेतला.

"चूक?" ते म्हणाले. "कसली चूक?"

"मामा, नको," भाची पुटपुटली.

"थांब गं. बाई, मला तुमचं आश्चर्य वाटतं. ते मुद्दाम आहे. गेले कित्येक भाग मी हे पेरतोय. बाहेरच्या पोरांच्या लक्षात आलं आणि घरच्यांच्या नाही?"

"काय पेरताय?"

"ते यांना विचारा," मामांनी माझ्याकडे हात केला. "लेखक आहेत. मी सगळं बोललोय त्यांच्याशी."

मामा आजवर माझ्याशी जे बोलले होते त्यात 'उठा' हा मुख्य भाग होता. बाई माझ्याकडे वळल्या. माझ्या पाचावर धारण बसली. भाची माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत कसलीही आशा नव्हती, हे मला जरा लागलं.

"ते पोस्टर त्या मुलाने लावलं," मी म्हणालो.

"कुठल्या मुलाने?"

"मेलेल्या."

मामांनी पापणीही न हलवता वाक्य उचललं. "बरोबर! मेलेल्या माणसाला काल काय आणि उद्या काय? कॅलेंडर जिवंत माणसांना. त्याने तिला भेट द्यायची म्हणून दुकानातून पोस्टर आणलं. दुकान पुढच्या महिन्यातलं होतं, हे त्याला कुठे माहीत?"

"म्हणजे त्याला पुढचं दिसतं?" बाईंनी विचारलं.

"दिसत नाही, बाई. तो जाऊन येतो. कधी जाऊन आला ते त्याला कळत नाही."

बाईंनी चष्मा काढला. आम्ही तो काढलेला पहिल्यांदाच पाहत होतो. "आणि हे मला कोणी सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर गुपित राहिलं असतं का?"

बाईंनी मामांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पोस्टरमधल्या रखवालदाराकडे पाहिलं; खरा रखवालदार दारात उभा होता, त्याच्याकडेही पाहिलं. "अकराव्या भागात हे आलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "पोरांना पटलं तर ही राहील. नाही पटलं तर मामा, ही जाईल आणि तुमची भिंतही जाईल. मी खिडकी पाडून घेईन."

बाहेर आल्या आल्या भाचीने मामांना धरलं. "'चूक झाली' एवढं म्हणायचं होतं, मामा! जीभ झिजली असती का?"

"म्हणालो असतो. मला माफ केलं असतं. इतकी वर्षं झाली, मला कोण काढतंय? पण तुला काढलंच असतं. चूक कोणाचीही असो, ती घसरत घसरत खाली येते आणि सगळ्यांत नव्या माणसाच्या डोक्यावर बसते. मुद्दाम केलं म्हटलं की खाली यायला काही उरतच नाही."

भाची क्षणभर नरमली. "म्हणजे माझ्यासाठी केलंत."

"तुझ्यासाठीच. शिवाय मी चुकलो नव्हतो."

"मग काय झालं होतं तुम्हाला?"

"पुढे गेलो होतो," मामा म्हणाले.

अकराव्या भागासाठी आम्ही तिघं बसलो. एकट्या पोस्टरवर एवढा डोलारा उभा राहणार नव्हता. मुलं हुशार, ती म्हणाली असती, एकदाच कसा गेला पुढे? तेव्हा भाचीने फोन काढला आणि पहिल्या भागापासूनचे फोटो मामांसमोर धरले. दुसऱ्या भागात घड्याळात सकाळ, खिडकीत संध्याकाळ. चौथ्यात मगाचा कान तुटलेला, पाचव्यात धडधाकट. सहाव्यात 'वायर कोणी कापली'चं वेष्टन, अल्बम निघण्याच्या आधीच.

"हे सगळं मी तेव्हाच पाहिलं होतं," ती म्हणाली. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. एवढ्या चुका, मामा!"

मामांनी फोटो डोळ्यांजवळ नेले. त्यांचा चेहरा आधी पडला आणि मग हळूहळू असा उजळला की मला वाटलं, कोणीतरी दिवा लावला. "चुका नाहीत गं," ते म्हणाले. "पुरावे आहेत."

"कोणाविरुद्ध?"

"त्या पोराविरुद्ध! तो पहिल्यापासून ये-जा करतोय. तो आला की खोलीतली वेळ विस्कटते. बघा, लिहा, लिहा!"

मी लिहिलं. दृश्य असं झालं: नायिका मुलाला भिंतीपुढे उभं करते. हे पोस्टर कुठून आणलंस? दुकानातून, तो म्हणतो. पण हा माणूस तेव्हा बॅण्डमध्ये नव्हताच. मग ती त्याला तो मग दाखवते, घड्याळ दाखवते. तो एकेका वस्तूकडे बघत जातो, आणि शेवटी तिला विचारतो, "मग मी आत्ता कधी आहे?" बस, एवढंच. चित्रीकरण झालं तेव्हा शिंप्याने सुईत दोरा ओवायचं निमित्त करून डोळे पुसले. मामा भिंतीमागे उभे राहून भिंतीला आतून हात लावून होते, ती पडू नये म्हणून. तिला काही होत नव्हतं.

अकरावा भाग लागला आणि मुलं खुळावली. ती मागे जाऊन सगळे भाग पुन्हा बघू लागली, आणि आम्हाला ठाऊकही नव्हत्या अशा गोष्टी त्यांना सापडल्या. एका मुलीने तर खिडकीबाहेरच्या पडद्यावरच्या ढगाचा अर्थ लावला. तो डाग होता, चहाचा. वाहिनीच्या साहेबांनी बाईंचं अभिनंदन केलं, आणि बाईंनी ही कल्पना आपल्या मनात पहिल्या दिवसापासून होती असं विनयाने सांगितलं. मामांनी ऐकलं आणि नुसती मान डोलावली. स्वतः तेच केलेलं असल्यामुळे त्यांना बोलायला जागा नव्हती.

बाईंनी भाचीला बोलावून घेतलं आणि पुढच्या हंगामासाठीही पक्की केली. मामांनी तिथूनच ताईंना फोन लावला, स्पीकरवर, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"ताई, पोरगी टिकली!"

"तू काय केलंस?" पलीकडून पहिला प्रश्न.

"मी? मी फक्त एक पोस्टर लावलं."

"नीट लावलंस का?"

"मामांनी लावलं म्हणजे काय विचारायचं, आई!" भाची ओरडली, आणि मामा इतके खूश झाले की त्यांना त्यातली खोच कळली नाही. किंवा कळली असेल; ते मुद्दामही असू शकेल.

त्यानंतर मात्र भाचीने भिंत आपल्या हातात घेतली. टाचणी लावायची तरी आधी फोटो. मामा दिवसभर कुरकुरत, "माझ्या भिंतीवर माझंच चालेना," आणि सेटवर कोणी पाहुणा आला की त्याला आधी भाचीपुढे नेत. "ही माझी भाची. हिच्या नजरेतून डाससुद्धा सुटत नाही. माझ्यावर गेलीय." पुढच्या हंगामाची त्यांनी मोठी तयारी चालवली होती. पंख्यांचा तिसरा अल्बम, परदेश दौरा, हिशेबनीसाची स्वतंत्र गायक म्हणून वाटचाल. सगळं भाचीच्या फोटोंत बसवून, नीट क्रमाने. "आता आम्ही दोघं आहोत," ते म्हणत. "आता बघाच."

पुढचा हंगाम सुरू होण्याच्या आठवडाभर आधी भाचीने राजीनामा दिला. "नोकरी टिकवून दाखवली, आता रोज रोज भिंत बघवत नाही," एवढंच म्हणाली. ती आता तिच्या वडिलांच्या दुकानात बसते. चष्म्याचं दुकान आहे, घरापासून चालत जाता येतं, आणि रविवारी सुट्टी असते.